बेटावरचे नऊ दिवस आणि शर्यतीची तयारी

(पुण्यातल्या सायकलस्वारांच्या मेळाव्यात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

गोव्याच्या शर्यतीला तीन आठवडे उरले होते आणि घरात अंदमानची तिकिटं येऊन पडली होती. दिवाळीची सुट्टी, नऊ दिवस. सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी एकदा डोळ्यांनी बघायची, ही सासूबाईंची फार वर्षांची इच्छा. तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. पण त्या रात्री मी वही घेऊन बसले आणि माझ्या पोटात गोळा आला. तुमच्यातल्या अनेकांना ही शर्यत, म्हणजे आयर्नमॅन ७०.३, माहीत आहे. गोव्यात ती पहिल्यांदा २०१९ साली मिरामारला झाली. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि मग २१.१ किलोमीटर धावायचं. सहा महिने पहाटे चारला उठून जे कमावलं, ते नऊ दिवसांत वाहून जाणार, असं मला वाटत होतं.

तसं होत नाही, हे सांगायला मी आज आले आहे. मात्र काय राखायचं आणि काय सोडायचं, हे नीट कळलं पाहिजे. माझी निवड आधी चुकली होती.

स्वराज द्वीप, म्हणजे आपण ज्याला हॅवलॉक म्हणायचो, तिथे पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा नाश्ता होईपर्यंत मी थांबले आणि सकाळी नऊला धावायला निघाले. वेळापत्रकात १५ किलोमीटर लिहिले होते, म्हणून १५. पुण्यात ज्या वेगाने धावते त्याच वेगाने. सातव्या किलोमीटरला छातीचे ठोके एरवीपेक्षा वीसने जास्त होते. अकराव्याला पोटऱ्यांत गोळे आले, अंगावर काटा यायला लागला. एका घराच्या ओट्यावर मी बसले, तिथल्या आजींनी डोक्यावर पाणी ओतलं. त्या बंगालीत काय म्हणत होत्या ते कळलं नाही, पण रागावल्या होत्या हे कळलं. तो सगळा दिवस मी खोलीत झोपून काढला आणि माझ्या मुलीने राधानगरचा किनारा माझ्याशिवाय बघितला. मला याचं अजून वाईट वाटतं.

तिथे नेमकं काय होतं ते समजून घ्या. घाम येतो म्हणून आपण गार होत नाही, घाम वाळतो म्हणून होतो. दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता गळतो. शरीर मग रक्त कातडीकडे पाठवत राहतं, पायांच्या वाट्याला कमी येतं, आणि हृदयाला त्याच वेगासाठी जास्त ठोके द्यावे लागतात. शरीर याला सरावतं, पण वेळ घेतं. रक्तातला द्रव भाग पहिल्या आठवड्याभरात वाढायला लागतो, घाम लवकर आणि जास्त यायला लागतो. पूर्ण सराव व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणजे नऊ दिवसांच्या सहलीत तुम्ही सरावायला लागता तोवर परतीची बोट आलेली असते. पहिले तीन दिवस वेग घड्याळावर बघूच नका. ठोके बघा. ठोके मोजणारा छातीचा पट्टा नसेल तर बोलून बघा, एक वाक्य सलग बोलता आलं पाहिजे.

मग प्रश्न उरतो: वेग सोडला, अंतर सोडलं, तर राहिलं काय? इथे मला रॉबर्ट हिक्सन यांचं काम उपयोगी पडलं. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात त्यांनी १९८० च्या दशकात फार साधे प्रयोग केले. लोकांना दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटं सायकल आणि धावणं असा कसून व्यायाम दिला. मग पुढचे पंधरा आठवडे जोर तोच, दिवस तेवढेच, पण वेळ कमी केला. एका गटाला २६ मिनिटं, दुसऱ्याला फक्त १३. दोन्ही गटांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता टिकली. १३ मिनिटांच्या गटाची फार वेळ तग धरण्याची ताकद मात्र थोडी उतरली. दुसऱ्या प्रयोगात त्यांनी उलट केलं, वेळ आणि दिवस तसेच ठेवून जोर कमी केला. तेव्हा क्षमता घसरली. पंधरा आठवड्यांची ही गोष्ट आहे, आणि आपण नऊ दिवसांसाठी रडतो!

म्हणजे वेळ निम्म्याहून कमी करा, पण थोडा वेळ तरी दम लागेल असं काही करा. आणि उकाड्यात दम लागू देणं धोक्याचं, हे मी आत्ताच सांगितलं. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा? अंदमानात त्याचं उत्तर सूर्य देतो. बेटं पुण्याच्या जवळजवळ एकोणीस रेखांश पूर्वेला, पण घड्याळ तेच. ऑक्टोबरच्या शेवटी पुण्यात साडेसहाला सूर्य उगवतो, तिथे पाच वाजून दहा मिनिटांनी. संध्याकाळी पाचच्या आत मावळतोही. आपल्या शरीराला जी सव्वासहाची वेळ वाटते, ती तिथे टळटळीत सकाळ. पावणेपाचला बाहेर पडलात तर उजेड असतो, रस्ता रिकामा असतो आणि सहाला तुम्ही घरच्यांबरोबर चहाला बसलेले असता. मला हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण घरच्यांची सुट्टी ही आपल्या सरावाची मोकळी जागा नव्हे. पहाट माझी आणि सहानंतरचा दिवस त्यांचा, एवढा एकच नियम मी उरलेले सात दिवस पाळला.

सायकलीबद्दल फार बोलत नाही. तिथे भाड्याने मिळते ती साधी मिळते, गिअर असले तर नशीब. मी माझी खोगीर आणि पेडल पिशवीतून नेली होती, खोगिराची उंची टेपने मोजून वहीत लिहिली होती. तेवढ्याने गुडघे वाचले. जेट्टीपासून राधानगरपर्यंत रस्ता साधारण बारा किलोमीटर, सुपारीच्या बागा आणि भातशेतांमधून जाणारा, मध्ये चांगले चढ. तुम्हाला ९० किलोमीटर करायची गरजच नाही. एक चढ निवडायचा, तीन-चार मिनिटं जोरात चढायचं, उतारावर श्वास जमवायचा, पाच वेळा. उतरून लगेच दहा मिनिटं धावायचं. सायकलीला जोडून धावणं, यालाच ब्रिक म्हणतात. ते झालं.

धावण्यात वाळूचा मोह टाळा. मऊ वाळूत धावायला कठीण जमिनीपेक्षा साधारण १.६ पट शक्ती लागते, आणि टाचेमागची शीर शर्यतीच्या तोंडावर दुखावली तर संपलंच. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू चालते, पण तिलाही समुद्राकडे उतार असतो. जितकं जाल तितकंच परत या, म्हणजे दोन्ही पायांवर भार सारखा येतो.

आता समुद्र. यासाठीच मी बोलायला उभी राहिले असं म्हटलं तरी चालेल. आपण पुणेकर तलावात शिकतो, टाइल्सवरची काळी रेघ बघत पोहतो. मग शर्यतीच्या दिवशी रेघ नसते, भिंत नसते, शेजारच्याची लाथ असते, आणि चांगले पोहणारे घाबरतात. बेटावर तुम्हाला ही भीती घालवायची संधी मिळते. ती फुकट घालवू नका.

पण आधी समुद्र वाचायला शिका. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तिथीला तीनने गुणून चारने भागलं की भरतीची वेळ, हा हिशेब आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालतो. अंदमानात तो तसाच लागू पडत नाही, किनारा बदलला की वेळ बदलते. होडीवाल्याला विचारा. शिवाय दिवाळी म्हणजे अमावास्या, म्हणजे उधाण. भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. विजयनगरचा किनारा पूर्वेला, पहाटे फार सुंदर, पण ओहोटीत पाणी इतकं मागे जातं की प्रवाळाचे दगड उघडे पडतात. प्रवाळाने कापलेली जखम लवकर भरत नाही आणि सहज चिघळते. राधानगर पश्चिमेला, तळ वाळूचा, लाटा खऱ्या. मी तिथेच पोहायचे, जीवरक्षक असताना. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, तशा पाट्या लावलेल्या असतात. खाडीच्या तोंडाशी, कांदळवनाजवळ, अंधारात पाण्यात जाऊ नका. जीवरक्षक नको म्हणाला की नको. त्याच्याशी वाद घालणारे आपले लोक मी पाहिले आहेत आणि मला त्यांचा राग येतो.

पोहायचं ते किनाऱ्याला समांतर, कमरेला भडक रंगाचा फुगा बांधून. आधी प्रवाहाच्या विरुद्ध, येताना प्रवाहाबरोबर. दमल्यावर विरुद्ध जायची वेळ येऊ नये. दर सहा-आठ हातांनी डोळे पाण्याबाहेर काढून एखादं झाड बघायचं. पहिल्या दिवशी मी शंभर मीटरमध्ये झाड तीनदा हरवलं. पाचव्या दिवशी श्वास न मोडता बघता यायला लागलं. खारं पाणी तुम्हाला वर धरतं, पाय बुडत नाहीत, म्हणून हातांना जोर करता येतो. वीस हात जोरात, वीस सावकाश. पाणी २८-२९ अंश असतं, म्हणजे तिथेही घाम येतो आणि तो दिसत नाही. बाहेर आल्यावर प्या.

काय प्यायचं तेही सांगते, कारण यात चुका फार होतात. शहाळं जरूर प्या, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं असतं. घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि ते जिवावर बेतू शकतं. जलसंजीवनीची साधी पुडी न्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटरला २.६ ग्रॅम मीठ असतं. माझी पिशवी या पुड्यांनी भरलेली असते.

आणि एकट्याने पाण्यात जायचं नाही. आमच्याकडे पहाटे उठणाऱ्या फक्त सासूबाई. वय बहात्तर, पोहता येत नाही, समुद्राची धास्ती. पण त्या म्हणाल्या, "तू जा गं, मी बसते इथे. तो पिवळा फुगा दिसेनासा झाला की मी त्या शिट्टीवाल्याला हाक मारीन." राधानगरला सात दिवस त्या खुर्ची टाकून बसल्या. तिसऱ्या दिवशी माझं घड्याळ मागून घेतलं. पाचव्या दिवशी मी बाहेर आले तर म्हणाल्या, "काल याच झाडापर्यंत जाऊन यायला अकरा मिनिटं लागली होती, आज दहा." त्यांच्या देवपूजेच्या छोट्या वहीत, आरत्यांच्या मागच्या पानावर, सातही दिवसांच्या वेळा लिहिलेल्या आहेत. गोव्याला जाताना ती वही त्यांनी माझ्या पिशवीत ठेवली होती.