पडवीतलं इंजिन

(दृश्य: पाऊस, कौलांच्या पागोळ्या. पडवीत फळीवर तीन उघडे सीपीयू.)

वेंगुर्ल्यातला जुलै. दुपारी चारलाच अंधारून आलंय. पडवीत पंखे फिरतायत, पण तेही कॉम्प्युटरचे. माणसाला वारा घ्यायला पेपर.

इथे बुद्धिबळ चाललंय. पट नाही, मोहरे नाहीत.

(दृश्य: काळा स्क्रीन, सरकत्या ओळी.)

या घरातल्या मुलाने लिहिलेलं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, स्वतःच्याच जुन्या रूपाशी खेळतंय. दोघांत फरक फक्त एका आकड्याचा.

तो आकडा समजायला थोडं मागे जावं लागेल. डावात प्रत्येक वेळी सरासरी 35 चाली शक्य असतात. चार चाली पुढचं बघायचं तर 15 लाखांवर स्थिती तपासाव्या लागतात. पण एखाद्या चालीला एक जरी खणखणीत उत्तर सापडलं, की ती चाल बाद. बाकीची उत्तरं बघायची कशाला? हीच अल्फा-बीटा छाटणी. चांगली चाल दरवेळी आधी हाती लागली, तर त्याच 15 लाखांचं काम 2,449 स्थितींत उरकतं. 1975 साली डोनाल्ड नूथ आणि रोनाल्ड मूर यांनी हे गणित नीट मांडलं.

म्हणून सगळा खेळ रांग लावण्याचा. मारामारीच्या चाली पुढे, मघाशी कामी आलेल्या त्यांच्यामागे, उरलेल्या शेवटी. शेवटच्यांकडे इंजिन वरवर बघतं. किती वरवर? तोच तो आकडा. जास्त कापलं तर मोहऱ्याचं बलिदान नजरेतून सुटतं, कमी कापलं तर घड्याळ संपतं.

(दृश्य: वहीचं पान. खोडलेले आकडे, चहाचा डाग.)

इथे बुद्धिबळातली हुशारी चालत नाही. खेळवूनच बघायचं. आणि हजार डाव म्हणजे काहीच नाही: निम्मे बरोबरीत सुटले तरी चूक पंधरा एलो, म्हणजे खेळाची ताकद मोजायचे गुण, इकडे-तिकडे. सुधारणा असते तीन-चार एलोची! स्टॉकफिश या नामांकित इंजिनाच्या अशा चाचण्यांसाठी 2013 पासून जगभरचे स्वयंसेवक आपापली मशीन देतात. इथे मशीन तीन. वेळ मात्र भरपूर, आणि त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही. गावात अजून विचारतात, 'कंपनीत कधी लागणार?'

लाईटबिल आई भरते.

(दृश्य: अंधार. फक्त पावसाचा आवाज.)

लाईट गेली. खेळून झालेले डाव फाइलमध्ये आहेत. चालू होते ते गेले. आतून हाक येते, "बाबू, जेवूक ये." तो चाचपडत एकेका सीपीयूवर हात ठेवून बघतो, किती तापलाय.

निकाल दोन दिवसांनी लागला. बदल नापास, जुनाच आकडा कायम. ते आमच्या कॅमेऱ्यात नाही. तोवर आम्ही कुडाळहून गाडी पकडली होती.