दाताळं थांबलं तिथे

नमस्कार मंडळी. आज टेकडीबद्दल बोलणार आहे. पुण्याची वेताळ टेकडी. शहरातली सगळ्यांत उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटर. एका अंगाला कोथरूड, दुसऱ्या अंगाला पाषाण, माथ्यावर वेताळबाबाचं देऊळ, खाली जुनी दगडाची खाण, आणि सगळीकडे रान. या रानाची राखण करणारी माणसं बरीच आहेत. त्यांतल्या एका लहानशा गटात मी रविवारी सकाळी जाते.

उन्हाळ्यात रोपांना पाणी घालायचं, पावसाळ्यात आळी नीट करायची, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मला सांगायचंय ते जाळरेषेबद्दल. जाळरेषा म्हणजे दहा फूट रुंदीचा पट्टा. त्यातलं गवत कापायचं, पाचोळा ओढायचा, माती उघडी करायची. वणवा तिथवर येतो, पुढे त्याला खायला काही मिळत नाही, आणि तो विझतो. वनरक्षकांना विचारून जानेवारीत ही रेषा काढतो. पण एकदा काढून भागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये गिरिपुष्पाची पानं झडतात आणि पट्टा पुन्हा भरतो. म्हणून होळीनंतर परत झाडायचा. लक्षात ठेवा मंडळी, दोनदा झाडायचा. पहिली रेषा जानेवारीत, दुसरी होळीनंतर.

गिरिपुष्पाचं नाव निघालंच आहे तर सांगते. मूळचं मध्य अमेरिकेतलं हे झाड. आपल्याकडे त्याला उंदीरमारीही म्हणतात. भराभर वाढतं म्हणून टेकड्यांवर लावलं गेलं. हिरवं दिसलं की आपण खूश होतो. पण टेकडीची खरी झाडं वेगळी: सालई, मोई, गणेर, पांगारा. गणेर फेब्रुवारीत निष्पर्ण उभा असतो आणि टोकाटोकांवर पिवळी धमक फुलं. मोईची जाड फांदी मे महिन्यात रोवली तर पावसात तिला मुळं फुटतात, रोपवाटिकेत जावं लागत नाही. आणि गवत! गवताळ माळ म्हणजे मोकळी पडलेली जागा, असं कोणी म्हटलं की मला फार वाईट वाटतं. ते रिकामं नसतं. किती भरलेलं असतं, तेच आता सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्चअखेर, सकाळचे पावणेसात. आम्ही अकरा जण, चार दाताळी म्हणजे पाचोळा ओढायची दातेरी अवजारं, बाकीच्यांकडे खराटे. सगळ्यांत पुढे आमच्यातला सर्वांत लहान गडी, अकरावीतला. दाताळं मारायचं, पाचोळा खाली ओढायचा, एक पाऊल पुढे. मोईच्या झाडाखाली त्याने दाताळं उचललं आणि हात तसाच वर राहिला. बोलेना. मी म्हटलं, "काय रे, साप आहे का?" तो हळूच म्हणाला, "मावशी, दगडाला डोळा आहे."

मी वाकून पाहिलं. मला काही दिसेना. पाचोळा, दोन दगड, वाळकी काटकी. तो म्हणाला, "काटकीच्या डावीकडे." मग दिसलं. तपकिरी, राखाडी, काळ्या रेघांचं, हुबेहूब सुकलेल्या पानांसारखं. आणि त्यात अगदी बारीक फटीएवढा उघडलेला डोळा. रातवा पक्षी! दाताळ्याचे दात त्याच्यापासून वीतभर अंतरावर होते. आणखी एक ओढ, आणि संपलं असतं.

रातवा घरटं बांधत नाही, मंडळी. उघड्या जमिनीवर दोन अंडी घालतो आणि त्यांच्यावर बसून राहतो. तो हलत नाही, कारण न हलणं हेच त्याचं संरक्षण. आम्ही पावलं मोजत मागे सरलो. मुलाने खिशातून मोबाईल काढला, एक क्षण पक्ष्याकडे पाहिलं, आणि आपणहून परत ठेवून दिला. त्या पोराचं मला आजही कौतुक वाटतं. घरट्याचे फोटो काढूच नयेत, अगदी लांबूनसुद्धा. एकाने काढला की दहा जण शोधत येतात.

आता रेषेचं काय? आमच्यात एक निवृत्त ओव्हरसियर आहेत, सुतळी लावून रेषा आखणारे. ते म्हणाले, इथे सोडून दिलं तर आग याच फटीतून शिरेल आणि हाच पक्षी आधी जळेल. खरंच होतं ते. आमच्याकडे आग येते ती खालच्या पायवाटेकडून, कोणाच्या तरी विडीतून. शेवटी त्यांनीच सुतळी सोडवली आणि पंधरा पावलं खाली नेऊन बांधली. रेषा त्या मोईला वळसा घालून गेली, पक्षी आतल्या बाजूला राहिला. पण खालच्या बाजूला सगळी घाणेरीची झुडपं आणि खडक. अर्ध्या तासाच्या कामाला अकरा वाजले. हात ओरबाडून निघाले, पाणी संपलं. ओव्हरसियरकाका शेवटपर्यंत कोयता चालवत होते. कोणी मोठ्याने बोललं नाही. चार तास अकरा माणसं कुजबुजत काम करत होती, मंडळी!

तीन आठवड्यांनी मी लांबून पाहिलं. जागा रिकामी होती, पानांत कवचाचे दोन तुकडे होते. पिल्लं मोठी झाली असं मी धरून चालते. रातव्याची पिल्लं लवकरच जागा सोडून चालू लागतात.

म्हणून पुन्हा सांगते: दाताळं मारण्याआधी पाचोळा पाहा. आधी पाहा, मग ओढा. काटकीने हलवून नाही, नुसत्या डोळ्यांनी पाहा. आणि गवत जाळलं की पावसाळ्यात चांगलं येतं असं कोणी म्हणालं, तर त्याला विचारा, त्या गवतात कोण बसलेलं आहे ते पाहिलंस का.

जाळरेषेला तिथे आजही वळण आहे. जानेवारीत चुन्याची खूण करताना काका न विचारता सुतळी खाली नेतात. तुम्ही एप्रिलमध्ये टेकडीच्या पायथ्याशी राहत असाल, तर अंधार पडल्यावर गॅलरीत उभे राहा आणि पंखा बंद करा. पिंगपाँगचा चेंडू टेबलावर सोडावा आणि त्याच्या टप्प्यांचा वेग वाढत जावा, तसा आवाज येतो: चक, चक, चक-चक-चकरर. तो रातवा. नमस्कार.