उद्यमनगरातलं टायगर मॉथ

(दृश्य : शिवाजी उद्यमनगर, सकाळ. शटर वर जातं.)

हे कोल्हापूरचं उद्यमनगर. इथं माल हातात घेतला आणि जड लागला की गिऱ्हाईक खूश. त्याच गल्लीतल्या एका शेडमध्ये आम्ही दोन वर्षं एकेक ग्रॅम वाचवतोय. टेबलावर आडवा दिसतोय तो टायगर मॉथ या विमानाचा पंख.

मूळ टायगर मॉथ 26 ऑक्टोबर 1931 रोजी इंग्लंडमध्ये पहिल्यांदा उडालं. एकावर एक दोन पंख, उघडी कॉकपिट. भारतीय हवाई दलाच्या आणि फ्लाइंग क्लबांच्या कितीतरी वैमानिकांचे हात याच विमानावर बसले. आमची प्रतिकृती मूळच्या 80 टक्के मापाची. ऐकायला सोपं वाटतं. पण लांबी-रुंदी दोन्ही 80 टक्क्यांवर आणली की पंखाचं क्षेत्रफळ उरतं 64 टक्के. पंख लहान झाला, माणूस मात्र आहे तेवढाच! मूळ विमान रिकामं असताना 500 किलोच्या आसपास भरायचं. आम्ही ठरवलं, 260 च्या वर जायचं नाही. म्हणून धडाच्या सांगाड्याला मूळच्या पोलादी नळ्या नाहीत, लाकूड आहे.

(दृश्य : रिबचा साचा, मिस्त्रींचे हात.)

हे हात पॅटर्नमेकरचे. फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात तो नमुना, करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ओतलेलं लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आटतं, म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करतात, आणि त्यासाठी मोजपट्टीही वेगळी, वाढीव खुणांची असते. मिस्त्रींनी सवयीनं तीच उचलली. मीटरभराची पहिली रिब, म्हणजे पंखाला आकार देणारी फासळी, सेंटीमीटरनं लांब निघाली. त्या दिवशी ती पट्टी त्यांनी स्वतःच कपाटात ठेवून कुलूप घातलं.

रिब होते पाव इंची पट्ट्यांची. पट्ट्या साच्यात वाकवून बसवायच्या, प्रत्येक सांध्याला दोन्ही बाजूंनी पातळ प्लायचा तुकडा, मध्ये इपॉक्सी गोंद. आणि दर वेळी कालवलेल्या इपॉक्सीतून दोन फालतू तुकडे चिकटवून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी ते हातोड्यानं फोडायचे. लाकूड फाटलं तर सांधा पास. चिकटवलेल्या जागी सुटलं, तर त्या दिवसाचं सगळं काम बाद. आषाढातल्या दमट हवेत आमच्या चार रिब अशाच गेल्या. फार जिवावर आलं होतं, पण फेकल्या.

(दृश्य : कापड चढवलेला पंख, इस्त्री.)

पूर्वी इथं लिननचं किंवा सुती कापड असायचं, आता पॉलिएस्टर. आधी कडांना चिकटवायचं, मग इस्त्री फिरवायची: पहिल्यांदा 120 अंशांवर, नंतर 175 वर. कापड आवळत जातं. हलगी शेकली की कशी बोलते, तसा पंख टिचकीसरशी वाजायला लागतो.

पण नुसतं ताणून भागत नाही. उडताना पंखावरची हवा कापड वर खेचते, म्हणून ते प्रत्येक रिबला शिवावं लागतं. हे काम गल्लीतल्या मावशींनी घेतलं. त्यांनी जन्मभर वाकळा शिवल्यात. हातभर लांब सुई, मेण लावलेला दोरा, पलीकडून सुई परत देणारा एक पोरगा. पहिल्या गाठीला मावशी थबकल्या. "एवढं ओढू? फाटंल की!" नाही फाटलं. विमानाच्या नाकावरच्या पंख्याचा झोत जिथं लागतो तिथं टाके जवळजवळ. तिथं त्यांना सांगावं लागलं नाही. "जिथं जास्त झिजतंय तिथं दाट घालायचं," त्या म्हणाल्या.

(दृश्य : वरचा पंख, बाजूनं.)

वरचा पंख मागं झुकलेला दिसतोय? पुढच्या कॉकपिटमधल्या माणसाला पॅराशूट घेऊन बाहेर पडता यावं म्हणून मूळ रचनाकारांनी तो पुढं सरकवला. त्यानं तोल बिघडला, तेव्हा पंखांची टोकं मागं वळवली. मला या विमानात सर्वांत आवडते ती हीच गोष्ट.

(दृश्य : तीन वजनकाटे.)

आज विमान तोलायचंय. शेपटी स्टुलावर ठेवून धड सपाट केलंय, दोन चाकांखाली आणि शेपटीखाली एकेक काटा. नुसती बेरीज पुरत नाही. भार नेमका कुठं येतो तेही काढावं लागतं. मागं जास्त आला तर नाक सावरत नाही. इंजिन चालवून पाहणं आणि उड्डाणाची सरकारी परवानगी या पायऱ्या त्यानंतरच्या.

शेडचं दार लावून घेतलंय, वाऱ्यानं काटा हलू नये म्हणून. मिस्त्री पाटीवर खडूनं तीन आकडे लिहितात, खाली रेघ ओढतात. 251.

"नऊ किलो शिल्लक," ते म्हणतात, आणि कोपऱ्यातल्या रंगाच्या डब्यांकडं बघतात. रंग अजून लावायचाय.