देवळालीचा ताप आणि लिव्हरपूलचं घर

[दृश्य : देवळाली स्टेशन, सकाळ. फलाटावर ट्रंका सांभाळत बसलेले जवान.]

या स्टेशनाच्या नावावरून इंग्रजीत एक शब्द गेलाय. 'डूलॅली'. अर्थ, डोकं फिरलेला. पूर्वी म्हणायचे 'डूलॅली टॅप'. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप!

नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर देवळालीच्या छावणीत येऊन थांबायचे. त्यांना मायदेशी नेणाऱ्या बोटी सुटायच्या साधारण नोव्हेंबर ते मार्च. मग एप्रिलात मुदत संपलेल्यानं करायचं काय? अख्खा उन्हाळा काढायचा, वर नाशिकचा पावसाळा. लढाई नाही, काम नाही, घरही नाही. माणसं भ्रमिष्ट व्हायची.

वाट बघण्याच्या या तापावर इंग्लंडात पुढे एक मालिका झाली. देवळालीशी तिचा संबंध नाही, तरी ताप तोच.

[दृश्य : समुद्रकिनारा. वाळूचा किल्ला, त्यावर छोटा झेंडा.]

'अ फॅमिली ॲट वॉर'. ग्रॅनाडा टेलिव्हिजनची मालिका, 1970 ते 1972, एकूण 52 भाग. निर्मितीची कल्पना जॉन फिंच यांची. शीर्षकाला इंग्रज संगीतकार व्हॉन विल्यम्सच्या सहाव्या सिंफनीचे सूर, आणि पडद्यावर हा वाळूचा किल्ला.

घर लिव्हरपूलचं, ॲश्टन कुटुंबाचं. गोष्ट 1938 पासून दुसरं महायुद्ध संपेपर्यंतची. बाप एडविन एका छापखान्यात कामाला, आणि छापखाना बायकोच्या भावाचा. नाशिकरोडला 'प्रेस' म्हटलं की नोटा छापणारी सरकारी नोकरी डोळ्यांसमोर येते, सुखाची, पेन्शनची. एडविनच्या नशिबी मात्र मेव्हण्याचे उपकार. घरातली निम्मी धुसफूस तिथूनच सुरू होते, हिटलर नंतर येतो.

मुलं पाच. फिलिप स्पेनच्या यादवी युद्धात लढून आलेला. डेव्हिड हवाई दलात जातो आणि त्याचा संसार मोडतो. धाकटा रॉबर्ट जहाजावर. पण मालिकेचा जीव आहे मार्गारेट.

तिचा नवरा जॉन फ्रान्समधल्या डंकर्कच्या माघारीत बेपत्ता होतो. गेला असं कळलं असतं तर ती रडली असती आणि कधीतरी सावरली असती. बेपत्ता म्हणजे कुंकू लावायचं की पुसायचं, हेही कोणी सांगत नाही. सासू हट्टानं म्हणते, माझा मुलगा जिवंत आहे. मार्गारेट हळूहळू दुसऱ्या माणसात गुंतते, आणि तो युद्धाला तत्त्वानं नकार देणारा. आपल्याकडच्या मालिकेत तिला लगेच खलनायिका केली असती, मागे ढोल वाजवून. इथे कुणीच वाईट नाही. आणि मग एक दिवस जॉन परत येतो.

त्यानंतर त्या घरात जे अवघडलेपण येतं, त्याला तोफेचा एक आवाजही लागत नाही.

[दृश्य : जुना स्टुडिओ, कृष्णधवल.]

मधले काही भाग कृष्णधवल आहेत. त्यात कलात्मक विचार वगैरे काही नाही! रंगीत उपकरणं चालवायचे जादा पैसे द्या, म्हणून 1970 च्या नोव्हेंबरात तंत्रज्ञांनी रंगीत चित्रण बंद पाडलं. ते फेब्रुवारीपर्यंत चाललं.

बहुतेक सगळं घडतं घरात. मला वाटतं, मालिका टिकली ती यामुळेच. युद्ध खर्चिक असतं, स्वयंपाकघर स्वस्त. आणि बातमी शेवटी स्वयंपाकघरातच येते.

[दृश्य : ओझर, आकाशात लढाऊ विमान.]

ही मालिका तिकडे चालू होती, तेव्हा आपल्याकडे खरं युद्ध झालं. डिसेंबर 1971. ओझरच्या विमान कारखान्यात, एचएएलमध्ये, मिग-21 तयार होत होती. लोकांनी खिडक्यांना काळे कागद चिकटवले आणि कान आकाशवाणीला लावले. टीव्ही दिल्लीत होता. मुंबईला दूरदर्शन आलं ते 2 ऑक्टोबर 1972 ला, ॲश्टन कुटुंबाची गोष्ट संपून गेल्यावर.

खुद्द देवळालीवरही बीबीसीनं मालिका केली, 1974 साली. विनोदी. 'इट एन्ट हाफ हॉट मम'. लेखकांपैकी जिमी पेरी स्वतः इथल्या छावणीत राहिलेले. पण त्यात हिंदुस्थानी नोकराचं काम गोऱ्या नटानं तोंड रंगवून केलं होतं. नाशिककराला त्यात बघण्यासारखं फार काही नाही.

[दृश्य : नाशिक-संगमनेर रस्ता, बाजरीची शेतं.]

बघण्यासारखं इथे आहे. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे 25 लाख माणसं सैन्यात गेली. नाशिकच्या शेजारी, संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव मराठा रेजिमेंटमधून इटलीत लढले. एप्रिल 1945 मध्ये सेनिओ नदीवर त्यांनी जखमी साथीदारांना वाचवलं, एकट्यानं मशीनगनच्या चौक्या उडवल्या. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक. त्या लढाईच्या आदल्या वर्षी इटलीतच रायगडचे यशवंत घाडगे गेले, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस.

शौर्याची नोंद झाली. पण ज्या घरांतून ही माणसं गेली, तिथल्या चुलीपुढच्या बायकांवर मालिका कोण करणार? कुणी केलीच, तर पहिला प्रसंग मी सुचवतो.

[दृश्य : गावातला वाडा, दुपार.]

पोस्टमन तार देऊन जातो. तार इंग्रजीत. घरात कुणाला वाचता येत नाही, आणि मास्तर तालुक्याला गेलेत, संध्याकाळच्या गाडीनं येतील. सासू पाकीट देव्हाऱ्यात ठेवते.

सून पीठ मळायला घेते.