छत्तीसातले सतरा

नमस्कार श्रोतेहो.

२ ऑगस्ट १७९३ रोजी जमैकातल्या किंग्स्टन बंदरातून 'गव्हर्नर पॅरी' नावाचं जहाज इंग्लंडच्या लिव्हरपूलकडे निघालं. त्यावर कटर नावाचा सेकंड मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा एक अधिकारी होता. त्याच्या खिशात कप्तान पॉवेलच्या सहीची एक चिठ्ठी होती: लिव्हरपूलपर्यंत काम करत आलास, तर जहाज पोचल्यावर दहा दिवसांनी तीस गिनी मिळतील. तीस गिनी म्हणजे साडेएकतीस पौंड. एरवी अशा माणसाला महिन्याला चार पौंड मिळायचे आणि हा प्रवास जेमतेम दोन महिन्यांचा. म्हणजे आठ पौंडांच्या कामाला साडेएकतीस. कटरनं ही चिठ्ठी आनंदानं घेतली असणार.

२० सप्टेंबरला कटर वारला. जहाज लिव्हरपूलला लागलं ९ ऑक्टोबरला. अवघे एकोणीस दिवस राहिले होते.

त्याची बायको कोर्टात गेली. तीस गिनी देऊ नका, पण त्यानं सात आठवडे काम केलं, तेवढ्याचे तरी द्या, एवढंच तिचं मागणं. नेहमीच्या दरानं ते सहा-साडेसहा पौंड झाले असते. १७९५ मध्ये सरन्यायाधीश लॉर्ड केनियन आणि त्यांच्या सोबतच्या न्यायाधीशांनी निकाल दिला: काही मिळणार नाही. चिठ्ठीत 'पोचलास तर' असं आहे, आणि तो पोचला नाही. केनियन म्हणाले की जादा रकमेच्या बदल्यात त्यानं धोका पत्करला, हा एक प्रकारचा विमाच होता. विमा म्हणे! विम्यात माणूस गेल्यावर घरच्यांच्या हातात पैसे पडतात. इथे माणूसही गेला आणि पैसेही.

बरं, साधा महिन्याचा पगार ठरलेल्या खलाशाचं तरी बरं चालायचं का? इंग्लंडच्या सागरी कायद्यात एक जुनं वचन होतं, भाडं ही पगाराची आई. जहाजानं माल पोचवून भाडं कमावलं, तर पगार. जहाज बुडालं, भाडं बुडालं, की पगारही बुडाला. पोहून जीव वाचवलेला खलाशी किनाऱ्यावर ओल्या कपड्यांनी उभा, आणि आठ महिन्यांच्या कामाचं शून्य. आपल्या कोकणात मासेमारीच्या होडीवर वाटा असतो, जाळं रिकामं आलं तर वाटाही रिकामा. पण तिथे जाळं भरलं की खलाशाचा वाटाही वाढतो. या इंग्रजी नियमात नुकसानीत भागीदार आणि नफ्यात नोकर, अशी सोय होती. ही अट १८५४ च्या मर्चंट शिपिंग कायद्यानं काढली. जहाज वाचवायला खलाशानं हातपाय हलवले नाहीत असं सिद्ध झालं, तरच बुडालेल्या जहाजावरचा त्याचा पगार जायचा.

खलाशांच्या हातात एक हत्यार मात्र होतं, आणि ते चांगलंच धारदार होतं. पगार थकला तर अॅडमिरल्टी कोर्टात, म्हणजे समुद्री खटल्यांच्या कोर्टात, सगळे मिळून एकच दावा लावता यायचा, आणि तो मालकावर नाही, थेट जहाजावर. कोर्टाचा माणूस यायचा आणि वॉरंट डोलकाठीला लावून जायचा. जहाज अटकेत! मालक दुसऱ्या गावी असो की दिवाळखोर असो, जहाज तर इथेच बंदरात आहे. पगार चुकता केल्याशिवाय शीड उघडायचं नाही.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. वादळात, संकटात कप्तान म्हणतो, बाबांनो, जोर लावा, जादा पैसे देतो. किनारा लागतो, आणि मग गरज सरो, वैद्य मरो. १७९१ मध्ये हॅरिस नावाचा खलाशी अशाच कबूल केलेल्या पाच गिनींसाठी केनियनसाहेबांपुढे आला. निकाल त्याच्या विरुद्ध गेला. न्यायाधीशांना भीती अशी की असे पैसे मिळू लागले, तर खलाशी जहाज बुडत असताना हात बांधून उभे राहतील आणि वाटेल ती रक्कम मागतील. धोक्यात खलाशाचाही जीव असतो, ही गोष्ट या भीतीत कुठे बसते, मला कळलेलं नाही.

१८०९ मध्ये स्टिल्क नावाच्या खलाशाचा खटला आला. महिना पाच पौंडांवर तो लंडनहून बाल्टिक समुद्रात गेला होता. रशियाच्या क्रॉनश्टाट बंदरात अकरापैकी दोघे पळाले. बदली माणसं मिळेनात, तेव्हा कप्तान मायरिकनं कबूल केलं की त्या दोघांचा पगार उरलेल्या नऊ जणांत वाटून देईन. लंडनला आल्यावर नकार. सरन्यायाधीश लॉर्ड एलेनबरो म्हणाले, कोणी मेला वा पळाला तरी जहाज घरी आणायचं, हे काम तुम्ही आधीच विकलेलं आहे. ते पुन्हा विकता येणार नाही. स्टिल्कला ठरलेले महिना पाच पौंडच मिळाले.

गंमत अशी, की हा खटला दोघांनी लिहून ठेवला, आणि दोघांचं जमत नाही. एक एस्पिनास, जो स्वतः स्टिल्कचा वकील होता. त्याच्या मते निकाल केनियनच्या त्या भीतीवर उभा होता. दुसरा तरुण वकील जॉन कॅम्पबेल. त्याच्या नोंदीत न्यायाधीश म्हणतात, भीती वगैरे सोडा, जादा पैशांच्या बदल्यात खलाशांनी नवं काही दिलंच नाही. पुढे सगळ्यांनी कॅम्पबेलची नोंद धरली.

या कॅम्पबेलला लक्षात ठेवा, कारण आता आपण मुंबईच्या वाटेला लागतोय. 'मोबाइल' नावाचं जहाज (हो, जहाजाचंच नाव!) लिव्हरपूलहून ऑस्ट्रेलियात पोर्ट फिलिपला, म्हणजे मेलबर्नच्या बंदरात आलं. १८५१ मध्ये त्या मुलखात सोनं सापडलं होतं, आणि जहाजं नांगरून पडायची, कारण माणसं खाणींकडे पळायची. 'मोबाइल'वरच्या छत्तीसांपैकी सतरा हातचे गेले. उरले एकोणीस, त्यात कसलेले खलाशी फक्त चार-पाच. कप्तान पॉन्सन्बीनं हार्टले नावाच्या खलाशाला लिहून दिलं की जहाज मुंबईला न्यायला मदत कर, लिव्हरपूलला चाळीस पौंड देतो. जहाज मुंबईला सुखरूप लागलं. लिव्हरपूलला मात्र चाळीस पौंडांना नकार.

१८५७ मध्ये खटला सरन्यायाधीशांपुढे आला, आणि ते सरन्यायाधीश होते लॉर्ड कॅम्पबेल. तेच, ज्यांनी अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी स्टिल्कचा पराभव लिहून घेतला होता. ज्युरीचं मत पडलं की एवढं मोठं जहाज एवढ्या थोड्या माणसांनिशी हाकणं वाजवी नव्हतं. म्हणजे हार्टले मुंबईला जायला बांधलेला नव्हताच. त्या क्षणी तो मोकळा माणूस होता, आणि मोकळ्या माणसानं नवा सौदा केला. चाळीस पौंड त्याला मिळाले.

अकरातले दोन गेले तर जुनंच काम, छत्तीसातले सतरा गेले तर नवं. या दोहोंच्या मध्ये रेषा नेमकी कुठे, तो आकडा कॅम्पबेलसाहेबांनी दिला नाही. बारातले चार पळाले तर? तो हिशेब पुढच्या कप्तानांनी आणि पुढच्या ज्युरींनी करायचा होता.

नमस्कार.