पासिंगला गाडी नापास झाली तर

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा सरला की आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात टेंपो, रिक्षा, वडापच्या गाड्या यांच्या पासिंगची, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीची, धावपळ सुरू होते. आंब्याच्या पेट्या वाशीला जायला लागायच्या आत फिटनेसचा कागद हातात हवा असतो. आणि अशा वेळी निरीक्षक गाडीखाली वाकून बघतात आणि सांगतात, गाडी नापास. कमानीचा पाटा तुटलाय, बुश गेलेत, शॉकॉपमधून तेल गळतंय. कमान म्हणजे गाडीचा भार झेलणारी पाट्यांची स्प्रिंग, बुश म्हणजे सांध्यातली रबरी गादी आणि शॉकॉप म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर.

भाडं बुडतं, हप्ता थांबत नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्या गॅरेजमध्ये रोज हीच माणसं येतात. त्यांतला एखादा म्हणतो, "मेस्त्री, दोन दिवसांपुरतं चांगलं सामान लावून द्या, पासिंग झालं की काढून परत देतो." याला मी कधीच हो म्हणत नाही. कागद मिळेल, पण तीच गाडी आंबा घाट नाहीतर करूळ घाट उतरणार आहे, मागे माल आणि केबिनमध्ये आपलाच मुलगा.

म्हणून नापास झाल्यावर आधी कारणं लेखी मागून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५६. प्रमाणपत्र नाकारलं तर कारणं लेखी द्यावीच लागतात, हा तुमचा हक्क आहे. निर्णय पटला नाही तर कलम ५७ खाली ३० दिवसांत अपील करता येतं. पण पाटा तुटलेला असेल तर अपिलात वेळ घालवू नका, तो कागद घेऊन थेट मेस्त्रीकडे जा. कागद नसला की मेस्त्रीला "खालचं काम काढलंय" एवढंच सांगितलं जातं, मग नको ते सामान बदललं जातं आणि हवं ते तसंच राहतं.

चाकाला प्ले, म्हणजे नको ती ढिलाई, आहे असं लिहिलं असेल तर तो कुठला, हे गाडी जॅकवर घेऊन तुमच्यासमोर बघायला सांगा. चाक वर-खाली धरून हलवलं आणि ते हललं, तर दोष बेअरिंगचा, नाहीतर चाक ज्यावर वळतं त्या किंग पिनचा किंवा बॉल जॉइंटचा. मग दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. हलणं थांबलं तर बेअरिंग, तरीही हललं तर किंग पिन किंवा बॉल जॉइंट. डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हललं तर टाय रॉडचं, म्हणजे स्टिअरिंगने चाक वळवणाऱ्या दांड्याचं, टोक बघायचं. याला पाच मिनिटंही लागत नाहीत आणि चुकीचं सामान घेण्याचा खर्च वाचतो.

आता कमानपाटे. आपल्याकडे ते इतके का जातात? खड्डे आणि ज्यादा माल ही कारणं आहेतच. चिऱ्याच्या गाड्यांकडे बघा, माल उतरवल्यावरही पाट्यांचा बाक जाऊन ते सरळ झालेले दिसतात. पण हर्णै, मिरकरवाडा, मालवण इथल्या मासळीच्या टेंपोंचं दुखणं वेगळं आहे. बर्फ वितळून खारं पाणी हौद्यातून थेट मागच्या कमानीवर ठिबकतं, पाट्यांच्या फटीत बसतं आणि आतून गंज धरतो. वरून रंग मारला की काही दिसत नाही. दिवसाचं काम संपलं की गोड्या पाण्याने गाडीची खालची बाजू धुवा, नळी थेट कमानीवर धरा. काही जण जळकं ऑइल फासतात. ते पाट्यांना चालेल, पण रबरी बुशला लागलं की रबर फुगतं आणि मऊ पडतं. बुश जपून काम करा.

सामान बदलताना एका बाजूचा पाटा किंवा शॉकॉप गेला असेल तरी दोन्ही बाजूंचे बदला. एक बाजू नवी, एक थकलेली, मग गाडी वळणावर एका अंगाला झुकते आणि ब्रेक लावला की ओढते. पाट्यांना मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला असेल तर एक्सल जागेवरून सरकतो आणि गाडी तिरकी चालते, तो नवाच टाका. कमान एक्सलला बांधणारे यू बोल्ट घट्ट केल्यावर काही दिवस गाडी चालली की पुन्हा एकदा आवळून घ्या, नवे पाटे बसले की हे बोल्ट सैल पडतात. कार आणि जीपच्या लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचे, रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायला सांगा. चाक लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे सगळं झाल्यावर व्हील अलाइनमेंट करा, म्हणजे चाकं रेषेत आणून घ्या, नाहीतर नवे टायर एका कडेने खाल्ले जातील.

शॉकॉपला काही जण चैनीची वस्तू समजतात. खड्ड्यावरून उसळलेलं चाक पुन्हा रस्त्याला चिकटवून ठेवणं हे त्याचं काम आहे. पावसात कशेडीच्या उतारावर चाक जमिनीला टेकलेलंच नसेल तर ब्रेक कितीही चांगला असो, त्याचा उपयोग नाही.

८ वर्षांपर्यंतच्या व्यावसायिक गाडीला दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करावा लागतो. मुदत संपायच्या एक महिना आधी गाडी खालून दाखवून घ्या, म्हणजे सामान मागवायला वेळ मिळेल. फिटनेस नसताना गाडी रस्त्यावर आणलीत तर दंड होतोच, आणि अपघात झाला तर विमा कंपनी दाव्यावर हरकत घेऊ शकते.

पुन्हा तपासणीला जाताना गाडीची खालची बाजू धुऊन न्या. सोबत तो लेखी कागद आणि सामानाची बिलं ठेवा, म्हणजे कोणता दोष कसा काढला हे निरीक्षकांना एकेक करून दाखवता येईल.

नमस्कार.