ओठ फुटला, एवढंच दिसलं

नमस्कार, श्रोतेहो.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात माझी नोकरी झाली. जखमा शिवायच्या आम्हीच आणि शवविच्छेदनही आम्हीच करायचं. शाळकरी, कॉलेजची पोरं टेबलावर यायची ती रोगानं गेलेली क्वचितच. गाडीवरून पडलेली, झाडावरून पडलेली, आणि मार डोक्याला. जगात ५ ते २९ या वयात मृत्यूचं पहिलं कारण रस्त्यावरचे अपघातच आहेत. पण आज गोष्ट सांगतो ती वाचलेल्या पोराची.

दहावीचा निकाल लागला. पोरगं सोळाचं, काकाची मोटारसायकल घेऊन पेढे आणायला निघालं. हेल्मेट होतं बरं का! कोपरात अडकवलेलं. वळणावर बांधकामाची वाळू पसरलेली. (रस्त्यावर वाळू ओतणाऱ्यांवर माझा वेगळा राग आहे, त्याला एक अख्खा कार्यक्रम लागेल.) गाडी घसरली. ओठ फुटला, पुढचा दात अर्धा गेला, शर्ट लाल. पोरगं उठलं, पेढ्यांचा पुडा उचलला आणि गाडी ढकलत घरी आलं. कोपर अगदी शाबूत!

घरात सगळे त्या ओठाभोवती. हळद दाबली. आई दातासाठी हळहळतेय, काका इंडिकेटरसाठी. मग ‘झोपू दे त्याला’ म्हणून सगळे उठले. आजी मात्र हलली नाही. पोरगं सारखं विचारत होतं, “आजी, पेढे वाटले का गं?” ती म्हणाली, “वाटले रे.” पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. मग उलटी झाली. वडील म्हणाले, पित्त असेल. दुसरी उलटी झाली तशी आजीनं शेजारच्या टेम्पोवाल्याला भरल्या ताटावरून उठवलं.

माझ्याकडे आणलं तेव्हा पोरगं हाकेला जेमतेम डोळे उघडत होतं. बॅटरी मारून पाहिलं, उजवी बाहुली डावीपेक्षा मोठी. ओठाकडे मी बघितलंसुद्धा नाही. आमच्याकडे सीटी स्कॅन नव्हता, १०८ची गाडी तेव्हा सुरू व्हायची होती. त्याच टेम्पोत, सलाईन धरायला शिपाई देऊन, जिल्ह्याला पाठवलं. रात्रीच कवटी उघडून रक्ताची गाठ काढली. पंधरा दिवसांनी आजी पुडा घेऊन दारात. “डाक्टर, तेव्हा खोटं बोलले होते. आज वाटतेय.”

झालं काय होतं? कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याला आतून चिकटून एक रक्तवाहिनी जाते. हाड तडकलं की ती फाटते, कवटीच्या आत रक्त साठत जातं आणि मेंदू दाबला जातो. मधले काही तास माणूस चालतो, बोलतो. चालतो-बोलतो म्हणून ठीक आहे असं समजू नका. पुन्हा सांगतो, चेहऱ्यावरचं रक्त दिसतं, डोक्यातलं दिसत नाही.

उलटी, तोच तोच प्रश्न, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, झटका, कानानाकातून रक्त किंवा पाणी. यातलं एकही दिसलं तर १०८. बेशुद्ध असेल आणि तोंडात रक्त असेल, तर मान न मुरडता कुशीवर वळवा. उताणा ठेवलात तर रक्त श्वासनलिकेत जातं. पाणी पाजू नका. आणि कांदा हुंगवू नका हो, कांदा भाजीत घाला.

हेल्मेटनं दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका साधारण ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. पण पट्टा लावला तर. आणि ते टोपीसारखं अर्धं हेल्मेट जबडा वाचवत नाही.

राहता राहिला कायदा. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असते, पोरगं आठवीपासून गाडी शिकलेलं असतं, आणि टेबलाशेजारी उभा राहून बाप मला सांगतो, “साहेब, न विचारता नेली.” हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय.